खाडा

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. १९७३ साली ते निघायला लागलं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी ते याच खिळ्याला अडकवलेलं होतं. तिथी, एकादशी, संकष्टीचा चंद्रोदय हे सगळं त्यात छापलेलं असतं, पण आमच्याकडे त्या चौकटींत हाताने लिहिलेलं जास्त वाचलं जातं. दीड, दीड, दीड, दोन, दीड. मधेच एक फुली. फुली म्हणजे खाडा, त्या दिवशी दूध आलं नाही किंवा आपण घेतलं नाही. महिना संपला की आकड्यांची बेरीज करायची आणि गवळीमामांच्या हातात पैसे ठेवायचे. जुनी पानं फेकायची नाहीत हा सासूबाईंचा दंडक होता, तो मी अजून पाळते.

गेल्या वर्षीच्या जूनचं पान मात्र कोरं आहे. आकडा नाही आणि फुलीही नाही.

त्याआधी मे महिन्यात मुलगा पुण्याहून आला होता. मामांना पैसे देताना त्याने पाहिलं आणि हिशेब मांडला. आमचा रतीब रोजचा दीड लिटर, म्हशीचं दूध, दर ८० रुपये. कोपऱ्यावर नवं सुपरमार्केट झालंय, तिथे टोन्ड दुधाची पिशवी लिटरला ५८ रुपयांना. दिवसाला ३३ रुपये वाचतात, महिन्याला ९९०, वर्षाला बारा हजार. “आई, तुम्ही दोघंच राहता. बाबांना डॉक्टरांनी साय बंद केली आहे. मग म्हशीचं दूध कशाला?” त्याचं काही चुकलं नव्हतं. पेन्शनवर चालणाऱ्या घरात बारा हजार ही काही सोडून देण्याची रक्कम नाही. मी मामांना सांगितलं, महिनाभर बंद करून बघतो. ते म्हणाले, “बरं वैनी,” आणि किटलीचं झाकण लावून जिना उतरले. चाळीस वर्षांचं काम एका वाक्यात थांबलं, आणि दुपारी मला जेवण गेलं नाही.

दुकानाच्या दुधाबद्दल मी मनात काही किंतु ठेवून गेले नव्हते. स्वस्त दूध ही वाईट गोष्ट नाही, हे मला माहेरीच कळलं होतं. माझं माहेर परळचं. पहाटे आरेच्या केंद्रापुढे रांग लागायची, हातात कार्ड आणि रिकाम्या काचेच्या बाटल्या. चंदेरी पातळ टोपणाची भरलेली बाटली हातात आली की हात गार पडायचे. गोरेगावच्या आरे वसाहतीचं उद्घाटन पंडित नेहरूंनी १९५१ साली केलं, आणि त्या सगळ्या योजनेमागे दारा खुरोडी नावाचा एक कर्तबगार दूध आयुक्त होता. म्हशीच्या दाट दुधात दुधाची पावडर आणि पाणी प्रमाणात मिसळून फॅट कमी करायचं आणि ते कमी पैशांत जास्त घरांपर्यंत पोचवायचं, ही टोन्ड दुधाची युक्ती तिथली. आम्ही चार भावंडं त्या दुधावर वाढलो. त्यामुळे पिशवीतल्या दुधाला ‘पाणी’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

त्या जूनमध्येही पिशवीने मला बरंच काही दिलं. पाश्चराइज केलेलं दूध ७२ अंशांपर्यंत पंधरा सेकंद तापवून लगेच थंड केलेलं असतं, त्यामुळे ते नासलं नाही, एकदाही नाही. रतिबाचं दूध उन्हाळ्यात दोनतीनदा तरी फाटतंच, आणि नेमकं पाहुणे दारात असताना. पिशवीवर तारीख असते, फॅटचा आकडा असतो. नवऱ्याला टोन्डचं तीन टक्के फॅट मानवलं, त्यांचं पोटही हलकं राहिलं. सकाळी सहाला बेलच्या धास्तीने उठावं लागलं नाही. हे सगळं मी खरं तेच लिहिते आहे.

पण ९९० रुपये काही हातात आले नाहीत. सुपरमार्केटात दूध सर्वांत आत, मागच्या भिंतीशी ठेवलेलं असतं. तिथवर जाताना बिस्किटं, फरसाण, साबणाच्या तीन वड्यांचा एक गठ्ठा, सगळं ओलांडून जावं लागतं, आणि माणूस रिकाम्या हाताने ओलांडत नाही. दुसरं म्हणजे तूप. म्हशीच्या दुधाची साय मी रोज एका स्टीलच्या डब्यात साठवते. आठदहा दिवसांनी विरजण, मग ताक, लोणी, कढवण. महिन्याकाठी पाऊण किलोच्या आसपास तूप निघतं. जूनच्या शेवटी तुपाचा डबा खरवडला तेव्हा लक्षात आलं की साडेचारशे-पाचशे रुपये इथे गेले. तिसरं, रोज तीन पिशव्या, महिन्याला नव्वद. मी त्या धुऊन दोरीवर वाळवायची, कोपरा पूर्ण कापून वेगळा होणार नाही असा चीर द्यायची, तरी ते इवले कोपरे कुठे ना कुठे सापडायचेच. एक तर मोरीच्या जाळीत अडकलेला नखाने ओढून काढला. हे सगळं वजा जाता चारशे-साडेचारशे रुपये तरी महिन्याला वाचत होते. तेही थोडे नाहीत. हिशेब तिथेच थांबला असता तर मी पिशवीवरच राहिले असते.

जूनच्या मधल्या एका संध्याकाळी मी गंगावेशीत गेले होते. कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, गंगावेशीत धारोष्ण दुधाचा कट्टा आहे. गवळी म्हशी घेऊन येतात, गिऱ्हाईकासमोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. तालमीतून घाम पुसत आलेले पैलवान तिथे उभ्याने दूध पितात, ही या गावाची जुनी रीत. म्हशी बहुतेक पंढरपुरी, तलवारीसारखी लांब शिंगं पार खांद्यापर्यंत गेलेली. या जातीची म्हैस रस्त्यावर, गर्दीत, हॉर्नच्या आवाजातही पान्हा सोडते, म्हणून ती इथल्या गवळ्यांना सोयीची. तिथे कडेला मामा दिसले. मी विचारलं, “मामा, आमचं दीड लिटर आता कुणाला देता?”

“कुणाला देनार वैनी? संस्थेत घालतो. पन्नाशीच्या आसपास पडत्यात, फॅट लागंल तसं.”

एवढंच बोलले आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळले. तक्रार नव्हती त्यात. मी मात्र घरी येईपर्यंत ती वजाबाकी करत राहिले. माझे दिवसाला ३३ वाचले आणि त्यांचे त्याच दीड लिटरवर ४५ गेले. मुलाच्या हिशेबात म्हैस नव्हती. आम्ही दूध बंद केलं म्हणून ती दुसऱ्या दिवशी दीड लिटर कमी देत नाही. तिला त्याच वेळी पिळावं लागतं, तेवढीच सरकी पेंड घालावी लागते, तेवढंच उसाचं वाडं आणून टाकावं लागतं. बरं, ती वर्षभर दूधही देत नाही. व्यायल्यापासून नऊदहा महिने, मग भाकड. भाकड काळातही तिचं खाणं थांबत नाही. पाच म्हशींच्या गोठ्यात एक ना एक अशी उभी असतेच, आणि तिला पोसतात ते दुधाच्या म्हशींच्या घरांचे पैसे. म्हणजे चाळीस वर्षं आम्ही जे देत होतो त्यात आजच्या दुधाबरोबर पुढच्या वर्षीच्या दुधाचाही वाटा होता.

रतीब हा शब्द अरबीतून आला, ठरलेला, नेमून दिलेला अशा अर्थाने. मराठीत तो आधी हत्तीघोड्यांच्या रोजच्या खुराकासाठी होता, मग दुधाला लागला. जनावर रोज खातं, म्हणून त्याला रोज नेमून द्यायचं. तेच जनावर रोज दूध देतं, म्हणून तेही कुणीतरी रोज नेमून घ्यायचं. मला वाटतं रतिबात गिऱ्हाईक फक्त दूध विकत घेत नाही, म्हशीच्या ‘रोज’चा थोडा भार आपल्या अंगावर घेतं. दुकानात जाऊन आज घेतलं, उद्या नाही, परवा दोन घेतले, यात तो भार मी उचलत नाही. तो नाहीसा होत नाही. वाटेवर सरकत सरकत शेवटी ज्याच्या दारात म्हैस बांधलेली आहे त्याच्यावर जाऊन बसतो.

इथे मला माझ्या थोरल्या जाऊबाई आठवतात. त्या राधानगरी तालुक्यात राहतात, घरी दोन म्हशी. रोज दोन वेळा दुधाची किटली घेऊन गावच्या संस्थेत जातात. नमुना घेतात, मशीनवर फॅट लागते, चिठ्ठी निघते. दर दहा दिवसांनी बिल, आणि दिवाळीच्या तोंडावर दुधाचा फरक. त्या फरकावर त्यांच्या घरातली दिवाळी होते, मुलींच्या फिया भरल्या गेल्या. १९६३ साली आमच्या जिल्ह्यात ‘गोकुळ’चा संघ उभा राहिला त्याआधी अशा बाईच्या हातात रोकड पडायचा दुसरा मार्ग फारसा नव्हता. त्यामुळे पिशवीतल्या दुधामागे माणूस नाही, असं मी म्हणणार नाही. पिशवीमागे माझी जाऊच आहे. सहकारी संघाने तिचा ‘रोज’ आपल्या अंगावर घेतला, एक प्रकारे हजारो घरांचा मोठा रतीबच लावला. रतिबाचं हे तत्त्व मोडतं ते शेवटच्या टोकाला, माझ्यासारखीच्या दारात.

आमच्या घरचा मामांशी असलेला संबंध सुरुवातीपासून विश्वासाचा होता असंही नाही. मामांचे वडील दूध घालायचे तेव्हाची गोष्ट. सासऱ्यांना पाण्याचा संशय आला म्हणून त्यांनी लॅक्टोमीटर आणला, काचेची नळी, खाली फुगा, वर बारीक रेघा. उंच भांड्यात दूध ओतून ती सोडली आणि ती बरीच खाली बुडाली. सासरे दुसऱ्या दिवशी गवळ्याला दारातच घेरून उभे राहिले. म्हातारा शांतपणे म्हणाला, “तात्या, तुमची नळी पानी वळखती, साय वळखती का?” तेव्हा सासऱ्यांना तो राग आणणारा उद्धटपणा वाटला. पुढे शेजारच्या विज्ञानाच्या मास्तरांनी समजावलं. नळी मोजते ती घनता. पाणी घातलं तर घनता कमी होते, पण साय पाण्यापेक्षाही हलकी, म्हणून फार सकस दुधातही नळी खाली जाते. आणि लबाडी करणारा साय काढून घेऊन मग पाणी घालतो, त्याची नळी बरोबर रेघेवर उभी राहते. सासूबाईंनी ते दूध रात्री तापवून ठेवलं होतं. सकाळी सुरीने कापावी अशी साय आली होती. सासऱ्यांनी ती नळी पुन्हा कधी बाहेर काढली नाही, पण फेकलीही नाही. अजून माळ्यावर तिच्या डबीत आहे.

आणि एकदा खरोखरच पाणी आलं होतं. मामा आजारी होते, दूध घालायला दुसरंच कुणी येत होतं, आठवडाभर चहा निळसर होत होता. मामा उठून आल्यावर मी सांगितलं. त्यांनी पातेल्यातलं दूध बोटावर घेऊन पाहिलं, काही बोलले नाहीत, आणि महिनाअखेरीला त्या सात दिवसांचे पैसे घेतले नाहीत. त्या पानावर सात आकडे आहेत आणि सातही खोडलेले.

मामांचा दर जास्त का, याचं उत्तर मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये मिळालं होतं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फुटांची. त्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, शहरात काही येईना आणि शहरातून काही जाईना. दुकानांतले दुधाचे फ्रीज पहिल्याच दिवशी रिकामे झाले. त्याच दिवसांत जाऊबाईंकडे संस्थेचा टँकर पोचत नव्हता. त्यांनी दूध शेजाऱ्यांना वाटलं, ताक केलं, पुन्हा वाटलं, आणि चौथ्या दिवशी अंगणात ओतलं. मध्ये चाळीस-पन्नास किलोमीटर, एका टोकाला दूध मातीत जातंय आणि दुसऱ्या टोकाला लहान मुलांना कोरा चहा.

आमच्या मंगळवार पेठेत पाणी नव्हतं. मामांचा गोठा नदीकडच्या बाजूला. त्यांनी आदल्या रात्री म्हशी सोडून वरच्या रस्त्यावर आणून बांधल्या होत्या, ताडपत्रीखाली. दुसऱ्या दिवशी आठच्या सुमाराला ते सायकलवरून आले, कारण पेट्रोल मिळत नव्हतं. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. माप काढलं, पाऊण लिटर घातलं आणि म्हणाले, “सगळ्यास्नी निम्मं देतोय वैनी. भिजल्यात म्हशी, दूध चोरलंय.” जिन्यात वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ त्यांना अडवून उभे राहिले. ते एरवी पिशवीचं दूध घेणारे. म्हणाले, लागतील ते पैसे घ्या, एक लिटर द्या. मामा म्हणाले, “रतिबाचं हाय हो हे.” मग त्यांच्या घरात तान्हं बाळ आहे हे कळल्यावर आमच्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आमच्या पाऊणमधलं पावभर त्यांच्याकडे गेलं, रतिबाच्याच दराने, आणि पूर ओसरेपर्यंत जात राहिलं. ऑगस्ट २०१९ च्या पानावर सहा दिवस ‘अर्धा’ असं अक्षरात लिहिलेलं आहे. आकडा घालायला त्या दिवसांत मला का कोण जाणे, धजावलं नाही.

आता मामांच्या दरात काय काय येतं हे मी पिशवीशी तोलायला बसते तेव्हा हे सहा दिवस कोणत्या पारड्यात घालायचे ते मला ठरवता येत नाही. पूर रोज येत नाही, दर मात्र रोज द्यावा लागतो. मुलगा हेच म्हणतो आणि मी त्याला खोडून काढू शकत नाही. फक्त एवढं कळतं, की पुराच्या दिवशी जो माणूस येतो तो कोरड्या दिवसांतच टिकवावा लागतो. त्याच्या पाच म्हशी पुढे चार झाल्या, मग दोन, मग त्याच्या मुलाने एमआयडीसीत नोकरी धरली, तर पुढच्या पुरात रस्त्यावर ताडपत्रीखाली बांधायला कुणाची म्हैस असेल?

जूनच्या शेवटच्या आठवड्यात शेजारच्या वहिनींनी झाकलेली वाटी आणून दिली. खरवस होता, वेलदोडा घातलेला, मधे अजून कोमट. “मामांची म्हैस व्याली, चीक दिला त्यांनी.” व्यायल्यावरचा पहिला चीक मामा रतिबाच्या घरांना वाटतात, त्याचे पैसे घेत नाहीत. आळीपाळीने, या म्हशीचा या घरांना, त्या म्हशीचा त्या. कोणत्या दुकानात असा खरवस मिळेल? तिथे मिळतो तो पावडरीचा आणि चायना ग्रासचा. या वेळी आमची पाळी होती, हे मला ठाऊक होतं, कारण त्याआधीच्या वर्षीच्या पानावर सासूबाईंच्या पद्धतीने मी ‘ची’ लिहून ठेवलं होतं. मामांनी आम्हाला चीक दिला नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. आम्ही रतिबाचे नव्हतो. मी गावाला गेले असते तर खाडा झाला असता आणि परत आल्यावर वाटी माझीच राहिली असती. खाडा लिहायलाही आधी रतीब लागतो. जूनच्या त्या कोऱ्या चौकटी मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिल्या.

एक जुलैला मी मामांना बोलावलं. एक लिटर म्हशीचं पुन्हा सुरू करा म्हटलं. नवऱ्यासाठी अर्ध्या लिटरची टोन्डची पिशवी मात्र चालू ठेवली, डॉक्टरांचं ऐकायला हवं. दीडचा रतीब एकवर आला, हे मी त्यांना सरळ सांगितलं. मामांनी किटली ओट्यावर टेकवली, झाकण काढलं, ॲल्युमिनियमचं माप आत बुडवून वर काढलं. त्या मापाचा कान दोनदा डाग देऊन बसवलेला आहे आणि कड एका जागी आत चेपलेली. चेपलेल्या बाजूने कमी भरतं, म्हणून ते नेहमी माप किंचित उलट्या बाजूला कलतं धरून भरतात. अर्धं, अर्धं, आणि मग मापाला लागलेलं निथळून झाल्यावर वर एक बारीक धार. ती धार हिशेबात नसते. एक लिटरलाही ती तेवढीच होती.

गणपतीत ते आरतीचा प्रसाद घ्यायला आत आले. मोदक खाऊन झाल्यावर म्हणाले, “वैनी, पेंड लई वाढलीया. पाडव्यापासनं दोन रुपये वाढवायचं म्हंतोय. आधी सांगून ठेवतो, म्हंजे तुमास्नी इचार कराय येईल.” दिवाळीच्या पाडव्याला त्यांच्या म्हशी सजतात, शिंगांना रंग, मोरपिसं, पायात चाळ. धन्याच्या हाकेसरशी म्हैस त्याच्या मोटारसायकलीमागे धावते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात. त्यांचा नवा दर त्या दिवशी सुरू होणार होता.

मी म्हटलं, विचार काय करायचा मामा. ते गेल्यावर पानं उलटून बलिप्रतिपदेची चौकट काढली आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, एक, ८२.